तीन अक्षरे आणि शंभर ओव्या

गीतेच्या तेराव्या अध्यायात भगवंत ज्ञानाची लक्षणे सांगू लागतात. सातव्या श्लोकात अमानित्व, अदंभित्व यांच्या मागोमाग अहिंसा येते. तीन अक्षरे, आणि श्लोक लगेच क्षांतीकडे निघून जातो. आद्य शंकराचार्यांनीही भाष्यात ‘प्राण्यांना पीडा न देणे’ एवढाच अर्थ देऊन पुढचे पद घेतले. माउलींनी मात्र या तीन अक्षरांसाठी शंभरावर ओव्या वेचल्या.

टीकाग्रंथाच्या मापाने पाहिले तर हे प्रमाणाबाहेर आहे. पुढच्या क्षांतीच्या वाट्याला त्या मानाने फारच थोड्या ओव्या आल्या. ग्रंथाच्या शेवटी माउली सांगतात की आपण व्यासांच्या पावलावर पाऊल ठेवून, भाष्यकारांना विचारत विचारत आलो. विचारले खरे, पण जिथून भाष्यकार पुढे गेले, तिथे ज्ञानोबाराय मुक्काम करून बसले.

याचे कारण विवेचनाच्या सुरुवातीलाच सापडते. अहिंसेचे वर्णन करण्याआधी ते अहिंसेच्या नावावर चालणारी हिंसा दाखवतात. पाऊस पडत नाही, जग पीडले आहे, म्हणून पर्जन्यासाठी याग करायचा आणि त्यात पशू मारायचे. ही अहिंसा कशी? झाडाच्याच फांद्या तोडून त्याच्या बुंध्याला कुंपण घालावे, देऊळ पाडून देवाला पौळी बांधावी, तशी! आयुर्वेदही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. एक जीव वाचवायला किती मुळ्या उपटल्या, किती साली सोलल्या, याचा हिशेब ते मांडतात. शके १२१२ मध्ये, म्हणजे इ.स. १२९० साली, नेवाशाला हे सांगितले गेले. आपला हा अहिल्यानगर जिल्हा पर्जन्यछायेतला. पावसासाठी काहीही करायला तयार असलेली माणसे समोर बसलेली असताना पर्जन्ययागाचे उदाहरण घेणे सोपे नव्हते, असे मला वाटते.

मग खरी अहिंसा येते, ती पायांपासून. कमळावर भुंगा केसर चुरगळेल या धास्तीने पाय ठेवतो, मांजर पिलाला दातांत धरते पण दात लागू देत नाही, तशी त्या पुरुषाची चाल. पुढे वाणी, दृष्टी, हात आणि सगळ्यांच्या मुळाशी असलेले मन. संस्कृत शब्द नकारार्थी आहे : हिंसा नको. ओव्यांत त्याचे वागणे झाले. पंढरीच्या वाटेवर आपले पाय दिवसभर चालतात, त्यामुळे हा पायांचा भाग वारकऱ्याला कोणी समजावून द्यावा लागत नाही.

एक अडचण मात्र उरते. हा शब्द रणांगणावर उच्चारला गेला आहे, आणि ऐकणाऱ्याला युद्धाला उभे करायचे आहे. माउली इथे त्या विसंगतीला हात घालत नाहीत. मुंगीसुद्धा दुखावू नये असे सांगताना कुरुक्षेत्र नजरेआड होते. कोणी याला टीकेतले न्यून म्हणेल. मला वाटते, ते त्या क्षणी अर्जुनापेक्षा पैस खांबासमोर बसलेल्या श्रोत्यांशी अधिक बोलत होते, आणि त्यांच्यापुढे लढाई नव्हती. शेत होते, बैल होते, शेजारी होते.

आता आपल्या पारायणांविषयी. सात दिवसांत नऊ हजार ओव्या उरकायच्या म्हणून व्यासपीठावरून वेग धरला जातो, आणि पुष्कळ ठिकाणी मूळ श्लोक तोंडातल्या तोंडात पुटपुटून सोडून देतात. संस्कृत कळत नाही, मग कशाला, असे म्हणणारे भेटतात. पण श्लोक गाळला की अहिंसेच्या ओव्या नुसत्या गोड उपमा होतात. तीन अक्षरांतून हे सारे निघाले, हे कानावर पडतच नाही. निदान तेराव्या अध्यायाच्या दिवशी सातवा श्लोक मोठ्याने, सावकाश म्हणावा, क्षणभर थांबावे आणि मगच ओवीला सुरुवात करावी. त्याला एक मिनिटही लागत नाही.