'तोल' आणि त्याची क्रियापदे : कुमारांच्या जिम्नॅस्टिक्स-शिक्षणविषयक विचाराची चिकित्सा

जिम्नॅस्टिक्सच्या अभ्यासाने कुमारवयीन मुलामुलींचा तोल सुधारतो, हे विधान व्यायामविषयक लेखनात सिद्धान्ताच्या थाटात वावरत असते. ते असत्य नाही. परंतु अपुरे आहे, आणि त्याचे अपुरेपण 'तोल' या नामाच्या वापरात दडलेले आहे. उंची किंवा वजन यांप्रमाणे तोल हीही शरीरात वाढणारी एक वस्तू आहे, असा भास हे एकवचनी नाम उत्पन्न करते.

'तोल' हा शब्द मूळचा वजनाच्या व्यवहारातला. संस्कृत 'तुल्' धातूशी त्याचे नाते उघड आहे. मल्लखांबाच्या परिभाषेतील 'ताजवा' हा शब्दही तराजूचाच वाचक होय. दोन्ही शब्द डोळ्यांपुढे उभे करतात ते स्थिरावलेल्या काट्याचे चित्र. मात्र बोलीतील क्रियापदे निराळीच साक्ष देतात. तोल साधतो, सांभाळला जातो, जातो आणि सावरला जातो. सांभाळणे म्हणजे जाऊ न देणे. सावरणे मात्र जाऊ लागल्यावाचून संभवतच नाही. नामाने जे एक केले, ते क्रियापदांनी वेगळे राखले आहे.

शरीरशास्त्र या भेदाला पाठिंबा देते. अंतर्कर्णातील इंद्रिय, दृष्टी आणि स्नायू-सांध्यांतून येणाऱ्या संवेदना या तिन्हींचा मेळ मेंदू क्षणोक्षणी घालीत असतो. स्वस्थ उभा असलेला मनुष्यही किंचित डोलतच असतो. तेव्हा तोल ही अवस्था नसून अखंड चालणारी दुरुस्ती आहे. आणि ती दुरुस्ती ज्या स्थितीत घडवली जाते, बव्हंशी त्याच स्थितीपुरती अंगवळणी पडते. निष्णात जिम्नॅस्टांवरील, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हातांवर उभे राहण्यातील कौशल्य पायांवर उभे राहण्यात संक्रमित झाल्याचे आढळले नाही. १० सेंटिमीटर रुंदीच्या बीमवर निःशंक चालणारी मुलगी निसरड्या पायरीवरही तशीच सुरक्षित राहील, हे म्हणूनच गृहीत धरता येत नाही.

कुमारवयात तर हा प्रश्न अधिक नाजूक होतो. साधारणपणे मुलींच्या बाराव्या आणि मुलांच्या चौदाव्या वर्षाच्या सुमारास उंची झपाट्याने वाढते; पाय आधी लांबतात, धड मागाहून त्यांना गाठते. कालपर्यंत अचूक असलेला शरीराचा अंदाज त्यामुळे आज चुकू शकतो. अशा मुलाच्या अडखळण्याला शिक्षक 'तोल नाही' असा शेरा देतो, तेव्हा तो एका तात्पुरत्या क्रियेला कायमचा गुण मानतो. शेरा व्याकरणदृष्ट्या नामाचा असतो. परंतु त्याचा परिणाम मुलावर होतो. वस्तुतः त्या मुलाला पुनर्जुळणीसाठी अवधी हवा असतो, आणि नेमक्या त्याच वेळी त्याला रांगेच्या मागे उभे केले जाते.

या चिकित्सेचा रोख जिम्नॅस्टिक्सवर नाही. उडीनंतर जमिनीवर उतरणे, कोलांटी घेऊन पुन्हा उभे राहणे, मल्लखांबावर एका पकडीतून दुसरीत जाणे, या सर्वांत सावरण्याचे शिक्षण भरपूर आहे. दोष आहे तो मूल्यमापनाच्या दृष्टीत. स्पर्धेत स्थिर आसन २ सेकंद धरावे लागते आणि साधनावरून पडल्यास पूर्ण १ गुण वजा होतो. स्पर्धेपुरता हा नियम न्याय्य आहे. परंतु शाळेच्या व्यायामवर्गात हीच दृष्टी जशीच्या तशी आली, की शिक्षक केवळ सांभाळलेला तोल मोजतो आणि सावरलेला तोल चूक म्हणून वजा करतो. मुलेही मग जेथे तोल जाण्याचा संभव आहे तेथे पाऊलच टाकीत नाहीत. आणि सावरण्याची विद्या तर तेथेच मिळते.

म्हणून व्यायामलेखकांनी 'तोल सुधारतो' असे मोघम लिहिण्याऐवजी कोणत्या स्थितीतला, कोणत्या साधनावरचा, सांभाळण्याचा की सावरण्याचा, हे स्पष्ट करावे. बीम आधी जमिनीलगत असावी, खाली जाड गादी असावी, आणि डगमगून पुन्हा उभ्या राहिलेल्या मुलाची नोंद न पडलेल्या मुलाइतक्याच आदराने व्हावी. परिभाषेची ही काटेकोर निवड केवळ शब्दांची हौस नव्हे. मराठी भाषेने 'सावरणे' हे क्रियापद जपून ठेवले आहे. व्यायामशिक्षणाने त्याचा अर्थही जपला पाहिजे.