गादी, गुपित आणि वेताळ : एका चित्रकथामालेच्या टिकाऊ आकर्षणाची मीमांसा

१

लोकप्रिय वाङ्मयाकडे पाहताना मराठी समीक्षेने सामान्यतः दोन मार्ग अवलंबिले आहेत. असे वाङ्मय क्षणजीवी म्हणून विचारकक्षेबाहेर ठेवायचे, हा एक. आणि वाचकाच्या पलायनवृत्तीकडे बोट दाखवून संहितेचा विचारच टाळायचा, हा दुसरा. चित्रकथेच्या वाट्याला प्रामुख्याने पहिलाच मार्ग आला. क्षणजीवी ठरविलेली एखादी कथामाला तिचे प्रकाशन थांबल्यानंतरही काही दशके वाचकांच्या मनात ठाण मांडून बसते, तेव्हा मात्र या दोन्ही मार्गांची अपुरी लांबी उघड होते.

'इंद्रजाल कॉमिक्स'मधील वेताळाच्या कथा हे याचे ठळक उदाहरण होय. टाइम्स ऑफ इंडिया प्रकाशनसंस्थेने मार्च १९६४ मध्ये ही माला सुरू केली. इंग्रजीबरोबर मराठीसह अनेक भारतीय भाषांतून ती निघत असे. आधी मासिक, पुढे पाक्षिक आणि अखेरीस साप्ताहिक असा प्रवास करून १९९० मध्ये ती बंद पडली; तोवर तिच्या अंकांचा क्रमांक आठशेच्या पुढे गेला होता. तिचा प्रमुख नायक वेताळ हा मूळचा अमेरिकी 'फँटम'. ली फॉक यांनी तो १७ फेब्रुवारी १९३६ पासून वृत्तपत्रीय चित्रपट्टीतून वाचकांसमोर आणला आणि १९९९ मध्ये मृत्यू येईपर्यंत त्याच्या कथा ते लिहीत राहिले.

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या पट्ट्यातील मराठी मध्यमवर्गीय घरांत या मालेचा विशेष संचार होता. स्थानकावरचा पुस्तकांचा स्टॉल, भाड्याने पुस्तके देणारी गल्लीतली छोटी वाचनालये, रद्दीचे दुकान आणि मित्रामित्रांतील अदलाबदल या चार वाटांनी अंक हातोहात फिरत. काही घरांत दहा-वीस अंक एकत्र बांधून घेतलेले जाड खंड आजही माळ्यावर सापडतात. या जपणुकीला स्मरणरंजन असे नाव देऊन मोकळे होणे सोपे आहे. पण बालपणाची ओढ हेच कारण असते, तर त्याच अंकांतून, त्याच काळात भेटलेले मँड्रेक आणि फ्लॅश गॉर्डन हेही तितकेच जिव्हाळ्याचे ठरायला हवे होते. आबिद सुरती यांचा बहादूर तर १९७६ पासून याच मालेत आला. तो भारतीय होता, दरोडेखोरांच्या मुलुखातला होता, नागरिकांना संघटित करणारा होता. म्हणजे वाचकाच्या वास्तवाला तो अधिक जवळचा. तरीही मालेचा विषय निघाला की पहिले नाव ओठावर येते ते वेताळाचे. तेव्हा या आकर्षणाचे मूळ काळात न शोधता संहितेत शोधणे प्राप्त आहे.

२

दीर्घकाळ चालणाऱ्या कथामालेपुढे काळाचा एक मूलभूत पेच उभा असतो. नायकाने कृती केली की त्याचे आयुष्य तेवढे खर्च होते. आणि माला चालू ठेवायची तर नायक खर्च होऊन चालत नाही. उंबर्टो एको यांनी १९६२ मध्ये सुपरमॅनवर लिहिलेल्या निबंधात हा पेच स्पष्ट मांडला आहे. त्यांच्या विवेचनानुसार सुपरमॅनच्या कथा एका स्वप्नवत धूसर काळात घडतात. आधीच्या कथेत काय झाले आणि नंतरच्या कथेत काय होणार यांची सांगड वाचकाने घालू नये, अशीच तेथे योजना असते.

वेताळकथेने हा पेच वेगळ्या रीतीने सोडविला आहे. येथे माणूस मरतो, पद मरत नाही. सोळाव्या शतकात समुद्री चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागलेला एक तरुण पित्याच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो, आणि तेव्हापासून बाप गेला की मुलगा तोच वेश, तीच अंगठी आणि तीच शपथ स्वीकारतो. वाचकाला भेटणारा वेताळ एकविसावा आहे. अरण्यातील जनतेला मात्र तो चारशे वर्षांचा एकच अमर पुरुष वाटतो. काळ पुसून टाकण्याऐवजी ही माला त्याची नोंद ठेवते. कवटीच्या गुहेत प्रत्येक पिढीने लिहिलेल्या जाडजूड वह्या रांगेने मांडलेल्या आहेत, पूर्वजांच्या समाध्या आहेत, आणि अनेक कथा यांपैकी एखादी वही उघडूनच सुरू होतात.

मराठी वाचकाला ही रचना समजावून द्यावी लागली नाही. देह नश्वर आणि गादी अखंड, ही कल्पना मठ, पीठ, फड, दिंडी यांच्या परंपरेमुळे त्याच्या अंगवळणी पडलेली आहे. गादीवर बसलेल्या पुरुषाला मूळ पुरुषाच्याच नावाने ओळखण्याची रीतही त्याच्या परिचयाची आहे. गुहेतल्या वह्यांत त्याला बखर दिसते, दप्तर दिसते. प्रसंगाप्रसंगाला दाखला म्हणून येणारी अरण्यातली जुनी म्हण तर त्याच्या घरातल्या वडीलधाऱ्यांच्या बोलण्याची आठवण करून देते. अमेरिकेत जी युक्ती कथानकाची सोय म्हणून जन्माला आली, ती मराठीत येताच संस्थेचे रूप धारण करते.

३

या परिवर्तनात नावाचा वाटा फार मोठा आहे. परकीय साहसकथेला देशी नाव देऊन आपलीशी करण्याची रीत मराठीला नवी नव्हती. गो. ना. दातार यांनी रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांची केलेली रूपांतरे आणि बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार, काळा पहाड हे नायक यांनी वेषांतर करून न्याय करणाऱ्या पुरुषाची एक वाट आधीच मळवून ठेवली होती. तथापि 'वेताळ' हे नाव देशी वाटेल एवढ्याच हेतूने केलेले नामांतर म्हणून थांबत नाही; ते मूळ संहितेवर भाष्य करते.

मराठी मनात वेताळाचे तीन थर आहेत. पहिला वेताळपंचविशीतल्या, प्रेतात शिरून कोडी घालणाऱ्या वेताळाचा. दुसरा भुतांच्या राजाचा, ज्याची पालखी अमावस्येच्या रात्री निघते असे मानले जाते. तिसरा थर कोकण-गोव्यातल्या ग्रामदेवतेचा. वेंगुर्ले तालुक्यातील आरवलीचा वेतोबा हा या तिसऱ्या थराचा सर्वांत प्रसिद्ध प्रतिनिधी. तो गावाच्या सीमेचा राखणदार. रात्री गावाभोवती फिरतो, म्हणून त्याच्या चपला झिजतात, अशी श्रद्धा आहे. भाविक त्याला भल्यामोठ्या चामडी चपला अर्पण करतात.

फँटमचे इंग्रजीतील बिरुद 'चालणारे भूत' या अर्थाचे आहे. इंग्रजी वाचकाच्या लेखी त्यात एक चमत्कृतिजन्य विरोध आहे. भूत चालते, म्हणजे ते दंतकथेपुरते न राहता प्रत्यक्ष वावरते. कोकणाशी नाळ असलेल्या वाचकाला त्यात विरोध जाणवतच नाही. वेताळ चालणारच, चालणे हे त्याचे कामच आहे. अशा प्रकारे मूळ संहितेतील अलंकार मराठीत आचार होऊन बसतो. भाषांतरात अर्थ गळतो अशी तक्रार नेहमी ऐकू येते. येथे भाषांतराने मुळात नसलेला एक अर्थ जोडला आहे.

ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात या जोडलेल्या अर्थाला वेगळे वजन प्राप्त होते. ठाण्याचे वागळे इस्टेट आणि डोंबिवलीचे औद्योगिक क्षेत्र हे दोन्ही साठोत्तरी काळातले. इंद्रजालचा पहिला अंक आणि डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीचा आरंभ हे तर एकाच १९६४ या वर्षातले. त्या दशकांत कोकणातून, देशावरून, खानदेशातून आलेली आणि मुंबईच्या दाटीतून बाहेर पडलेली कुटुंबे येथे स्थिरावली. त्यांच्या गावाला सीमा होती आणि सीमेला राखणदार होता. नव्या वस्तीला धड वेस नव्हती. शेत कोठे संपते व चाळ कोठे सुरू होते, हे दर पावसाळ्यानंतर बदलत असे. बाप पहाटेच्या लोकलने जाई आणि दिवेलागणीनंतर परते. अशा घरातल्या मुलाच्या हाती आलेला वेताळ सीमेवरचा राखणदार होता. मात्र त्याला नवस लागत नव्हता, गाऱ्हाणे लागत नव्हते, मूळ गावही लागत नव्हते. गावी राहिलेल्या दैवताची ही उपनगरी प्रत म्हणता येईल.

४

येथवरचे विवेचन आकर्षणाच्या बाजूचे झाले. पण ज्या ठिकाणी आकर्षण आहे, नेमक्या त्याच ठिकाणी या मालेचे वैगुण्यही आहे. वेताळकथेचा सारा आनंद एका गुपितावर उभा आहे. वेताळ अमर नाही, हे अरण्याला ठाऊक नाही; त्याच्या निकटच्या बांदार बुटक्यांना आणि वाचकाला तेवढे ठाऊक आहे. दर अंकात वाचकाला या जाणत्यांच्या मंडळात मानाने बसविले जाते. बाहेरचे लोक भितात, नमस्कार करतात, म्हणी सांगतात. वाचक मनात हसतो आणि गुपित राखतो. गादीवरचा पुरुष मात्र पिढ्यान्‌पिढ्या गोऱ्या वंशाचा आहे, आणि त्याच्या अमरत्वावर विश्वास ठेवणारे काळे आहेत. फ्रान्झ फॅनन यांनी १९५२ मधील आपल्या ग्रंथात अँटिलीसमधल्या काळ्या मुलाविषयी हेच निरीक्षण नोंदविले आहे. साहसकथा वाचताना तो मुलगा गोऱ्या संशोधकाशी एकरूप होतो आणि रानटी ठरविलेले लोक आपल्यासारखेच आहेत, हे विसरतो.

भारतीय वाचकाच्या बाबतीत हे विसरणे संपादकांनी सुकर केले. मूळ कथेतील देशाचे नाव बंगालची आठवण करून देणारे होते. इंद्रजालमध्ये त्याचे 'डेंकाली' झाले. चाच्यांच्या टोळीचे नाव 'सिंग' होते. त्याचे 'सिंगा' झाले. वेताळाच्या पित्याचा मारेकरी 'रामा' होता; तो 'रामालू' झाला. वाचकाच्या भावना दुखावू नयेत ही काळजी त्यामागे असणार, आणि ती समजण्यासारखी आहे. परंतु तिचा वाङ्मयीन परिणाम दूरगामी ठरला. मूळ संहितेत भारतीय माणसाला एक जागा होती. ती खलनायकाची होती. ती जागा पुसली गेल्यामुळे भारतीय वाचक कथेत कोठेच उरला नाही, आणि कोठेच नसलेल्याला नायकाच्या बाजूला जाऊन बसणे सोपे जाते. वसाहतीच्या नकाशावरून स्वतःचे नाव खोडले गेल्यावरच तो नकाशा त्याला रम्य वाटू लागला.

यावरून ही माला वसाहतवादी ठरवून निकालात काढता येईल काय? तसे केल्यास मराठी वाचनाचा सर्वांत गुंतागुंतीचा भाग हातून निसटेल. कारण डोंबिवलीतला तो मुलगा एकाच वेळी दोन ठिकाणी बसलेला होता. अंक वाचताना तो जाणत्यांच्या मंडळात होता. मे महिन्याच्या सुट्टीत गावी गेल्यावर तोच मुलगा, राखणदार रात्री चालतो असे मानणाऱ्यांच्या, म्हणजे आपल्या आजीच्या पंक्तीला होता. ज्यांच्या भाबडेपणावर कथा त्याला हसायला शिकवीत होती, ती माणसे त्याची रक्ताची होती. फॅननच्या वाचकाला दुरावा जाणवतो तो स्वतःच्या वर्णापासून. या वाचकाला तो जाणवतो स्वतःच्या घरातल्या मागच्या पिढीपासून.

वेताळकथेची खरी पकड या दुहेरी आसनात आहे. शिक्षणाने त्या पिढीला सांगितले होते की चालणारा तो देव नाही. वेताळकथेने त्यापुढे एक पाऊल टाकले : चालणारा तो देव नाही, माणूस आहे, पण चालणे खरे आहे आणि ते कोणीतरी पुढे चालू ठेवलेच पाहिजे. श्रद्धा सुटली तरी श्रद्धेने राखलेली सीमा सुटू नये, अशी त्या पिढीची अव्यक्त इच्छा होती. तिला या कथेने रूप दिले. मँड्रेकच्या जादूत ही सोय नव्हती, आणि बहादूरच्या बंदुकीतही नव्हती. ती गादीच्या गुपितातच होती.

५

या पट्ट्याला ग्रंथसंग्रहाची मोठी परंपरा आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ मध्ये, म्हणजे इंद्रजालच्या आधी बरोबर एका शतकाने स्थापन झाले. ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मधले. मराठीतील गंभीर वाचनाचा इतिहास अशा संस्थांच्या दप्तरांतून लिहिता येतो. चित्रकथेचे वाचन मात्र भाड्याच्या वाचनालयांतून, रद्दीतून आणि घरगुती बांधणीच्या खंडांतून झाले. त्याचे दप्तर घरोघरी विखुरलेले आहे आणि ज्या हातांनी ते बांधले ते हात थकत चालले आहेत. मराठी वाचकाचे मन कोणत्या संहितांनी घडविले, याचा शोध घेणाऱ्या अभ्यासकाला या दप्तराकडे पाठ फिरविता येणार नाही.

ते उघडताना मात्र कौतुक आणि निषेध हे दोन्ही सोपे पर्याय बाजूला ठेवावे लागतील. वेताळ ज्या कारणाने आवडला, त्याच कारणाने तो आक्षेपार्ह आहे. आणि ते कारण अमेरिकी संहितेत जितके आहे, तितकेच तिला मराठीत मिळालेल्या नावात आणि ते नाव वाचणाऱ्या उपनगरी घरांत आहे. आरवलीला आजही चपला वाहिल्या जातात, आणि माळ्यावरचे खंडही अधूनमधून खाली काढले जातात. या दोन कृतींमधले नाते उलगडणे, हे लोकप्रिय वाङ्मयाच्या मराठी समीक्षेपुढचे खरे काम होय.