खोडा, गावकी आणि शेजार

वस्तीत बाई मार खाते तेव्हा ते सगळ्यांना ऐकू येते. कुडाच्या आणि पत्र्याच्या भिंती आवाज अडवीत नाहीत. 'घरातली गोष्ट घरात' हा चौसोपी वाड्यात राहणाऱ्यांचा शिष्टाचार आहे. आपल्या वस्तीत घरातली गोष्ट घरात मावेल एवढी जागाच कधी नव्हती. असे असूनही दलित साहित्याच्या समीक्षेत नवऱ्याची मारहाण हा खासगी विषय ठरला. सवर्णांनी केलेल्या अन्यायाचा प्रसंग आला की आपण परिच्छेदच्या परिच्छेद उद्धृत केले. घरातल्या काठीचा प्रसंग आला की पान उलटले. हा दोष लेखिकांचा नाही. त्यांनी लिहिले आहे. दोष आपल्या वाचनाचा आहे.

म्हणून ह्या स्वकथनांना एक साधा प्रश्न विचारून पाहावा. बाईला मार बसत होता तेव्हा शेजारचे काय करीत होते?

बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं' पुस्तकरूपाने १९८६ साली आले. त्याआधी ते 'स्त्री' मासिकातून क्रमशः प्रसिद्ध झाले होते. त्यात सासुरवासाला कंटाळून पळालेल्या सुनेच्या पायात खोडा घातला जातो, ते वर्णन वाचलेला वाचक ते विसरू शकत नाही. पायात लाकडाचे ओझे घेऊन ती पोर पाय ओढीत घरकाम करते, पाय रक्तबंबाळ होतो. ह्या प्रसंगातील क्रौर्याबद्दल बरेच बोलले गेले. पण खोडा एकट्याने घालता येत नाही, हे बोलले गेले नाही. लाकूड आणावे लागते, ते सुताराकडून घडवून घ्यावे लागते, पोरीला धरावे लागते, आणि मग तिला तशी चालताना रोज अवघ्या वाड्याने पाहावे लागते. खोडा ही सामुदायिक कृती आहे. बेबीताई तिचे मूळ नेमके दाखवितात. ज्याला गावाने गुलाम केले, त्याला हुकूम गाजवायला एक सूनच उरली. पण कारण दाखविले म्हणजे माफी दिली, असे त्या करीत नाहीत. दलित समीक्षेने कारण उचलले आणि आरोप तिथेच ठेवला.

ह्या पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे, म्हणजे नाही. लेखिकेचा स्वतःचा संसार त्यात जवळजवळ नाही. नवऱ्यापासून लपवून, वर्षानुवर्षे त्यांनी हे लेखन केले. माया पंडित यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २००८ साली निघाला, त्यासोबतच्या मुलाखतीत बेबीताईंनी सांगितले की त्यांनाही संशयापोटी मार खावा लागला होता. मग पुस्तकात का नाही? माझ्या मते उत्तर शीर्षकातच आहे. जिणं 'आमुचं' आहे, 'माझं' नाही. लिहिले असते तर बाहेरचा वाचक म्हणाला असता, बघा, ही माणसे अशीच. आणि आतला वाचक म्हणाला असता, बाईने समाजाची अब्रू घालविली. ह्या दोन वाचकांच्या मध्ये लेखिकेचा 'मी' चेंगरला. त्यातला आतला वाचक आपण आहोत, हे मान्य केल्याखेरीज ह्या पुस्तकाची समीक्षा पूर्ण होत नाही.

उर्मिला पवार यांच्या 'आयदान'मध्ये (२००३) हाच प्रश्न वेगळ्या बाजूने येतो. कोकणातल्या गावकीने गरोदर राहिलेल्या विधवेला दिलेली शिक्षा त्यांनी नोंदविली आहे. गाव जमते, पंच बसतात, निर्णय होतो आणि लाथा मारून तिचा गर्भ पाडला जातो. इथे कोणी गप्प बसलेले नाही. सगळे कृती करीत आहेत. अब्रू गावाची, निर्णय पंचांचा, पोट मात्र तिचे.

'लोकांनी पुढे यावे, वस्तीने जबाबदारी घ्यावी' असे आज सर्रास बोलले जाते. ते बोलणाऱ्यांनी हे पान आधी वाचावे. लोक पुढे येतातच. प्रश्न, ते कोणासाठी आणि कोणावर येतात, हा आहे. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजीत एका दलित कुटुंबातील आई, मुलगी आणि दोन मुले जमावाने ठार केली, तेव्हाही गाव पुढेच आले होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी खेड्याला संकुचितपणाचे आगर म्हटले, त्यावर अनेक ग्रामभक्त दुखावले. दलित स्त्रीला त्यात दुखावण्यासारखे काही नव्हते. तिला ते ठाऊकच होते.

मग सामुदायिक कृतीचा नादच सोडावा काय? नाही. शहाद्याचा अनुभव आपल्यासमोर आहे. तेव्हाच्या धुळे, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील ह्या तालुक्यात १९७२ पासून श्रमिक संघटनेच्या लढ्यात भिल्ल आदिवासी स्त्रिया उतरल्या. लढा जमिनीचा आणि मजुरीचा होता. पण सभेला बसलेल्या बाईला रात्री घरी मार बसतच होता. तिने तो प्रश्न सभेत आणला. बायका गावोगाव गेल्या, दारूचे मडके फोडले, बायकोला मारणाऱ्याला चारचौघांत उभे करून तिची माफी मागायला लावली. खोडा आणि ही माफी, दोन्ही चारचौघांतच घडले. फरक एवढाच, की इथे निवाडा करायला मार खाणाऱ्याच बसल्या होत्या. आणि त्यांच्या हाती मजुरीच्या लढ्याने आलेले बळ होते. नुसत्या उपदेशाने ते आले नसते.

शहाद्याचेही गोडवे आंधळेपणाने गाऊ नयेत. मारणाऱ्याला मारणे हा न्याय नव्हे. १३ ऑगस्ट २००४ रोजी नागपूरच्या न्यायालयात कस्तुरबानगरच्या बायकांच्या जमावाने वस्तीला वर्षानुवर्षे छळणाऱ्या गुंडाला ठार केले. २०१४ साली आरोपी निर्दोष सुटले. कित्येकांनी ह्या घटनेची शौर्यगाथा केली. मला त्यात शौर्यापेक्षा दिवाळखोरी अधिक दिसते, त्या बायकांची नव्हे, पोलीस चौकीची. ज्या वस्तीच्या तक्रारी चौकीत घेतल्या जात नाहीत, तिच्या हातात शेवटी चाकूच उरतो.

दुसऱ्या टोकाला सरकारी सामुदायिकता आहे. २००७ साली तंटामुक्त गाव मोहीम निघाली. तंटे मिटविणाऱ्या गावाला बक्षीस. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही, हिशेबाबद्दल आहे. तंटा कमी म्हणजे गाव चांगले, असे माप लावले की मार खाणारी बाई गावाचे बक्षीस घालविणारी ठरते. तिने तक्रार मागे घेतली तरी तंटा मिटतो आणि मार थांबला तरी तंटा मिटतो. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात.

१९४२ साली नागपूरला भरलेल्या दलित महिला परिषदेत स्त्रियांनी घटस्फोटाच्या हक्काचा आणि बहुपत्नीत्वाविरुद्धचा ठराव केला होता. त्याच परिषदेत बाबासाहेबांनी सांगितले की लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याची मैत्रीण म्हणून, बरोबरीने उभे राहावे, दासी होऊ नये. त्या स्त्रियांनी पंचांकडे दयेची याचना केली नाही, कायदा मागितला. वस्तीची कृती कायद्याच्या दारापर्यंत नेणारी असली तरच ती मुक्तीची. कायद्याऐवजी उभी राहिली तर तिची गावकी व्हायला वेळ लागत नाही.

आज कायदा आहे. कौटुंबिक हिंसाचारापासून संरक्षण देणारा २००५ चा अधिनियम ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या कलम ४ नुसार कोणीही, म्हणजे शेजारीसुद्धा, संरक्षण अधिकाऱ्याला खबर देऊ शकतो, आणि सद्हेतूने दिलेल्या खबरीबद्दल त्याच्यावर कसलेही दायित्व येत नाही. भिंतीपलीकडचा आवाज ऐकणाऱ्याला आता 'आमचा काय संबंध' म्हणण्याची सोय उरलेली नाही. बुद्धविहारात दर पौर्णिमेला आपण जमतो. तिथल्या महिला मंडळाला ह्या एका कलमाची माहिती आहे काय, एवढे विचारले तरी पुष्कळ.

राहिला प्रश्न साहित्याचा. शांताबाई कांबळे यांच्या 'माझ्या जल्माची चित्तरकथा'मध्ये नवरा दुसरी बायको करतो तेव्हा नायिकेला माहेरचे दार उघडे मिळते आणि हाताशी शिक्षिकेची नोकरी असते. दार आणि पगार, ह्या दोन गोष्टींनी ती तरते. अशी किती दारे आपल्या साहित्यात आहेत? मार खाणारी बाई आपण पुष्कळ लिहिली. मारणारा थोडा लिहिला. भिंतीपलीकडे जागा असलेला शेजारी आपण अजून लिहिलेला नाही. तो आपणच आहोत, म्हणून तो लिहिणे जड जाते.