तबकडींतील मैफल

गाण्याच्या तबकड्यांचे ढोबळ मानानें दोन वर्ग पडतात. एक, बंद खोलींत, यंत्रासमोर, श्रोत्यांवांचून गाइलेल्या गाण्याचा. दुसरा, भरलेल्या बैठकींत, श्रोत्यांच्या देखत रंगलेल्या गाण्याचा. पहिल्या वर्गांतील गाणें स्वच्छ व निर्दोष असतें. दुसऱ्यांत खोकला ऐकूं येतो, तंबोरा पुन्हां जुळविला जातो, मध्येंच कोणी ‘वाहवा’ म्हणतो. असें असूनही ज्यांचे कान गाण्यांत मुरले आहेत असे रसिक बहुधा दुसऱ्या वर्गाकडेच वळतात. ही निवड केवळ हौसेची आहे, कीं तिच्या मागें कांहीं तत्त्व आहे, याचा विचार येथें करावयाचा आहे.

ग्रामोफोनचा आपल्या देशांतील इतिहास पहिल्या वर्गापासूनच सुरू होतो. गैसबर्ग यानें १९०२ सालीं कलकत्त्यास मुद्रण केलें, तेव्हांपासून जवळजवळ अर्धें शतक गवयास तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटांहून अधिक अवकाश क्वचितच मिळाला. केसरबाई केरकरांची ‘जात कहां हो’ ही भैरवी याच मापाची आहे. १९७७ सालीं व्हॉयेजर यानांबरोबर जी सुवर्णतबकडी अंतराळांत धाडण्यांत आली, तिच्यावर हिंदुस्थानी संगीताचा नमुना म्हणून हीच चीज आहे. इतक्या अल्प अवकाशांत एवढें ऐश्वर्य सांठविणें ही असामान्य सिद्धि खरी. पण केसरबाईंची संबंध बैठक ऐकणारास तो अत्तराचा फाया वाटला असल्यास नवल नाहीं. दीर्घकाल चालणारी तबकडी १९४८ सालीं अमेरिकेंत निघाली. पुढें ती इकडे आली आणि एका बाजूवर वीस मिनिटांचा ऐवज मावूं लागला. अमीर खांसाहेबांची मारवा व दरबारी यांची तबकडी ऐकावी. तेथें श्रोता नाहीं आणि त्याची उणीवही भासत नाहीं, कारण खांसाहेबांची गायकी मुळांतच अंतर्मुख. तेव्हां बंद खोलींतील गाणें हीन, असें कोणीं समजूं नये. प्रश्न इतकाच कीं, वेळ वाढली तरी जी वस्तु त्या खोलींत येतच नाहीं ती कोणती?

कॅनडांतील विख्यात पियानोवादक ग्लेन गूल्ड यानें ऐन बहरांत, १९६४ सालीं, जाहीर वादन सोडून दिलें. गर्दीपुढें कलावंताचा मल्ल होतो. यंत्राच्या साह्यानें पुन्हां पुन्हां वाजवून, उत्तम भाग जोडून जी कृति सिद्ध होते तीच खरी, असा त्याच्या म्हणण्याचा मथितार्थ. बाखच्या रचनेपुरतें हें पटण्याजोगें आहे, कारण ती रचना कागदावर आधींच पूर्ण झालेली असते. वादकानें ती उलगडून दाखवावयाची. ख्यालाचें तसें नाहीं. बंदिशीच्या चार ओळी सोडल्या, तर गवई जें गाणार तें तो गाईपर्यंत अस्तित्वांतच नसतें. सम जवळ येतांना श्रोत्यांच्या माना हलूं लागल्या, कीं हे कान आपल्याबरोबर आहेत हें गवयास कळतें; मग तो नेहमींची वाट सोडून दूरच्या वाटेनें समेवर येण्याचें धाडस करतो. बंद खोलींत हें धाडस त्यानें कोणासाठीं करावें? म्हणून आमचें मत असें कीं, मैफलीच्या मुद्रिकेंत श्रोत्यांचा आवाज हा दोष नसून तें गाण्याचेंच एक अंग आहे. आणि अशा मुद्रिकेची परीक्षा याच एका कसावर व्हावी, कीं श्रोत्यांमुळें गाणें बदललें काय?

या कसास उतरणारी तबकडी म्हणून आम्ही रविशंकर व अली अकबर खां यांची न्यूयॉर्क येथील जुगलबंदी प्रथम सांगूं. अल्लाउद्दीन खांसाहेब ६ सप्टेंबर १९७२ रोजीं निवर्तले आणि महिनाभरानें, ८ ऑक्टोबरला, त्यांचा शिष्य व त्यांचा पुत्र तेथें एकत्र वाजवावयास बसले, तबल्यावर अल्लारखा. दोन तबकड्यांवर हेमबिहाग, मांजखमाज व सिंधी भैरवी आहेत. सतारीच्या वाक्यास सरोद उत्तर देतो त्यांत ईर्ष्याही आहे आणि गुरूचें स्मरणही. आणि ऐकणाऱ्यांनीं घाई न केल्यामुळें दोघांनाही आपलें म्हणणें सावकाश मांडतां आलें आहे. याच तिघांच्या, १९७१ सालीं बांगला देशाच्या साह्यार्थ झालेल्या जलशाच्या तबकडींत निराळा प्रकार आढळतो. वाद्यें जुळवून होतांच श्रोत्यांनीं टाळ्यांचा कडकडाट केला. तेव्हां जुळवणीच इतकी आवडली तर वादन त्याहून आवडेल, अशी आशा रविशंकरांनीं नम्रपणें व्यक्त केली. लोक हा प्रसंग विनोद म्हणून सांगतात. आम्हांस तो मोठा बोधप्रद वाटतो. त्या श्रोत्यांची सदिच्छा अपार होती, कान मात्र तयार नव्हते. आणि पुढचें वादनही चतुराईनें आटोपशीर ठेवलेलें आहे.

अशा मुद्रिकेंत आणखी एक वस्तु जतन होते, ती म्हणजे वेळ. पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव १९५३ सालीं सुरू झाला; तेथें रात्ररात्र गाणें चाले आणि शेवट भीमसेन जोशी यांच्या गाण्यानें होई. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं रात्रीं दहानंतर उघड्या जागीं ध्वनिक्षेपकास, मोजके दिवस वगळून, बंदी घातली. नियम अयोग्य आहे असें आम्ही म्हणत नाहीं. शेजारच्या रुग्णास झोंप हवीच. परंतु अडाणा, सोहनी, परज हे राग त्यांच्या प्रहरीं ऐकण्याचा योग त्यामुळें दुर्मिळ झाला. पहांटेच्या बैठकीचें मुद्रण हें आतां नुसत्या गाण्याचें नव्हे, तर एका प्रहराचेंही दप्तर झालें आहे.

मराठवाड्याच्या वाचकांस या प्रश्नाचें महत्त्व विशेष वाटावें. नांदेड १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यांत होतें. पुण्या-मुंबईच्या बैठकी फार दूर. १९५२ पासून आकाशवाणीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम, १९५४ पासून निमंत्रितांसमोर होणारें आकाशवाणी संगीत संमेलन, आणि पुढें पुण्याच्या अलूरकरांनीं काढलेल्या ध्वनिफिती यांच्या द्वारें नांदेड-लातूरच्या घरांनीं थोर गवई ऐकले. दाद कोठें द्यावी हें आम्ही दूरच्या श्रोत्यांच्या मागून शिकलों. हा लाभ लहान नाहीं. पण त्या नादांत आमच्या स्वतःच्या श्रवणपरंपरांकडे आमचें दुर्लक्ष झालें. नांदेडच्या हुजूर साहिबांत गुरबाणीचें कीर्तन रागांत होतें आणि तेथें कोणी टाळी वाजवीत नाहीं. शांत बसून ऐकणें हीच तेथील दाद. लातूर जिल्ह्यांतील औशाच्या नाथ संस्थानांत चक्री भजन होतें. तेथें गाणारा कोण आणि ऐकणारा कोण हा भेदच उरत नाहीं. दाद देणारा, मौन राहणारा व स्वतःच गाणारा, असे हे तीन श्रोते तीन निराळीं गाणीं घडवितात.

हें ध्यानीं ठेवून भीमसेनांची ‘संतवाणी’ ऐकावी. भजनाच्या फेरांतील अभंग त्यांनीं मैफलींत आणला. आलापाची व तानेची श्रीमंती त्यास लाभली; पण टाळकरी होता तो श्रोता झाला. खोलींत मुद्रित केलेल्या अभंगांत हा बदल झांकला जातो. प्रत्यक्ष कार्यक्रमाच्या मुद्रणांत मात्र विठ्ठलनामाच्या गजरास सभागृह टाळ्यांनीं साथ देऊं लागतें, तेव्हां तो श्रोता क्षणभर पुन्हां टाळकरी होतो. त्या क्षणासाठीं आम्ही हीं मुद्रणें अधिक मोलाचीं मानतों.

नांदेडच्या अण्णासाहेब गुंजकरांकडे शिकून मराठवाड्यांत दोन पिढ्या घडविणारे नाथराव नेरळकर २०२१ सालीं गेले. त्यांच्यासारख्यांच्या बैठकींच्या खाजगी ध्वनिफिती ज्यांच्या कपाटांत असतील त्यांनीं आतां उशीर करूं नये. फितीवरील थर धरून ठेवणारें द्रव्य दमट हवेनें चिकट होतें, थर झडूं लागतो, आणि झडलेला स्वर परत मिळत नाहीं. नांदेडला ‘संगीत शंकर दरबारा’सारखे उत्सव भरतात, दोन्ही जिल्ह्यांत महाविद्यालयें आहेत, फिती संगणकावर उतरवून घेणें, तारीख, स्थळ व साथीदार टिपून ठेवणें, हें काम त्यांच्या आटोक्यांतील आहे. मात्र प्रत करतांना खोकला, जुळवणी आणि दाद कापून टाकूं नये. गवई कसा गात होता हें पुढील पिढीस अन्य ठिकाणच्या मुद्रणांवरूनही कळेल. नांदेड-लातूरचा श्रोता कसा ऐकत होता, हें दुसऱ्या कोणत्याही मार्गानें कळणार नाहीं.