खोडलेल्या पानावरची कविता

आमच्या लहानपणी रस्त्यात उर्दू अक्षरांचा कागद पडलेला दिसला, की अम्मी वाकून तो उचलायची, फुंकर मारून धूळ झाडायची आणि जवळच्या भिंतीच्या फटीत खोचून ठेवायची. बहुधा तो भजी बांधून आलेला वर्तमानपत्राचा तुकडा असे. त्यावर एखाद्या सिनेमाची जाहिरातही असे. पण अम्मीचे म्हणणे एकच, कुठेतरी अल्लाहचे नाव असेल, पायाखाली येऊ नये. घरातला जुना कुरआन शरीफ जीर्ण झाला तेव्हा वालिदांनी तो जुजदानासकट कब्रस्तानाच्या एका कोपऱ्यात, जिथून कुणाची ये-जा नाही अशा जागी, दफन केला होता. अशा घरात वाढलेल्या माणसाच्या हाती कुणी जुन्या पुस्तकाचे पान आणि काळे मार्कर देऊन म्हणाले, ‘यातले आठ शब्द ठेवा, बाकीचे खोडून टाका, कविता तयार होईल’, तर हात थबकणारच. आमचाही थबकला.

ब्लॅकआउट पोएट्री नावाचा हा प्रकार आता आपल्याकडच्या महाविद्यालयांतही येऊन पोहोचला आहे. रद्दीवाल्याकडून किलोच्या भावाने आणलेली पुस्तके, कात्री, खळ, मार्कर आणि दोन तासांची कार्यशाळा. कुणी पान काळे करून शब्द निवडतो, कुणी पाने कापून त्यांचा कोलाज करतो. आमच्या पिढीतले काही साहित्यिक मित्र याला सरळ पोरखेळ म्हणतात. एका ज्येष्ठ स्नेह्यांनी तर ‘वाचायचे सोडून कापायला लागले’ अशा शब्दांत निकाल दिला. आम्हाला मात्र हा निकाल घाईचा वाटतो. या प्रकारात पोरखेळ भरपूर आहे, हे आम्हीही मान्य करतो. पण पोरखेळ कुठे संपतो आणि कविता कुठे सुरू होते, हे पाहिल्याशिवाय समीक्षकाने हात झटकू नयेत.

मुळात हे काम ज्याने आयुष्यभर केले त्याच्यापासून सुरुवात करू. लंडनचा चित्रकार टॉम फिलिप्स १९६६ साली आपला चित्रकार मित्र आर. बी. किटाज याच्यासोबत पेकहॅम भागातल्या जुन्या सामानाच्या एका गोदामात शिरला. विल्यम बरोज कागद कापून, तुकडे जोडून लिहितो हे त्याने वाचले होते. तीन पेन्सला मिळणारे जे पहिले बऱ्यापैकी पुस्तक हाती येईल त्यावरच आपण काम करायचे, असे त्याने ठरवून टाकले. हाती आली डब्ल्यू. एच. मॅलॉक या लेखकाची १८९२ सालची ‘अ ह्यूमन डॉक्युमेंट’ ही कादंबरी. मॅलॉक हा समाजवादाचा कट्टर विरोधक, उच्चवर्गीयांच्या दिवाणखान्यात रमणारा लेखक. आज त्याला क्वचितच कुणी वाचत असेल. फिलिप्सने त्या कादंबरीच्या ३६७ पानांपैकी एकेक पान घेतले, काही शब्द बुडबुड्यांसारख्या जागेत मोकळे ठेवले आणि बाकीच्यावर रंग, शाई, कोलाज चढवले. पानाच्या माथ्यावर छापलेले शीर्षक घडी पडून अर्धे झाकले गेले आणि उरलेल्या अक्षरांतून नवे नाव मिळाले, ‘अ ह्युम्युमेंट’.

यातली एक गोष्ट आम्हाला विशेष वाटते. फिलिप्सने स्वतःवर बंधने घातली होती. ज्या पानावर काम, त्याच पानावरचे शब्द. शेजारच्या पानावरून उसनवारी नाही. त्याने या पुस्तकात टोज नावाचा एक नवा नायक घडवला, आणि हे नाव कुठून आले? इंग्रजीतल्या ‘टुगेदर’ आणि ‘ऑलटुगेदर’ या शब्दांच्या पोटातून. ज्या पानावर हे शब्द आहेत त्याच पानावर टोज येऊ शकतो, इतर पानांवर त्याला प्रवेश नाही. ‘एकत्र’ या शब्दातून जन्मलेला हा माणूस सबंध पुस्तकभर एकटाच भटकतो. आपल्या गझलेत रदीफ-काफियाचे बंधन असते तेव्हा शायर त्या बंधनातूनच काही अनपेक्षित काढतो, तसेच हे. बंधन गेले, की उरतो तो केवळ काळा रंग. फिलिप्स हे पुस्तक पन्नास वर्षे करत राहिला. २०१६ साली सहावी आणि अखेरची आवृत्ती निघाली, तोवर त्याने प्रत्येक पान दुसऱ्यांदा नव्याने केले होते. २०२२ साली तो वारला. तीन पेन्सच्या पुस्तकाला माणसाने अर्धे शतक दिले. वाचन न करता असे होत नाही. मॅलॉकची ती कादंबरी त्याच्याइतकी बारकाईने खुद्द मॅलॉकच्या काळातही कुणी वाचली नसेल.

आता आमच्या थबकलेल्या हाताकडे वळू. कागदाची अदब ही आपली परंपरा आहे हे खरे, पण कागद कापून जोडण्याची कलाही आपलीच आहे, याचा आपल्याला विसर पडला आहे. इराणी आणि मोगल दरबारांत ‘मुरक्का’ तयार होत. वेगवेगळ्या काळातली, वेगवेगळ्या गावांतली चित्रे आणि सुलेखनाचे नमुने कापून, एका मापाच्या पानावर चिकटवून, भोवती नक्षीचा हाशिया काढून केलेले हे संग्रह. जहांगीर बादशहाच्या मुरक्क्यात तर युरोपातून आलेली ख्रिस्ती चित्रेही जागा मिळवून बसली. मोगल पानांवर चित्राभोवती फारसी कवितेच्या बारीक कापलेल्या पट्ट्या चिकटवलेल्या दिसतात, आणि पुष्कळदा त्या ओळींचा मधल्या चित्राशी काहीएक संबंध नसतो. ओळ एकीकडची, चित्र दुसरीकडचे, अर्थ पाहणाऱ्याने जुळवायचा. अक्षरे कात्रीने कोरून दुसऱ्या रंगाच्या कागदावर बसवणारे कारागीर हेरातपासून इस्तंबूलपर्यंत नावाजलेले होते. आपल्या शेजारच्या विजापुरात सतराव्या शतकात अबरी कागदाच्या, म्हणजे पाण्यावर रंग तरंगवून उठवलेल्या ढगांसारख्या नक्षीच्या, अंगावर हाडे निघालेले घोडे आणि फकीर रेखले गेले. या कलेला कुणी बेअदबी म्हटले नाही.

‘मुरक्का’ या शब्दाचा अर्थच मुळी ठिगळे लावलेला. सूफींचा ठिगळांचा झगा ‘मुरक्कआ’ म्हणून ओळखला जाई. आपण मराठीत ज्याला ‘रुक्का’ म्हणतो तो चिटोराही याच घराण्यातला शब्द, मूळ अर्थ तुकडा, ठिगळ. म्हणजे बादशहाचा चित्रसंग्रह, फकिराचा झगा आणि सावकाराची चिठ्ठी, तिघांची एकच अम्मा. आमच्या आजीने जुन्या लुगड्यांची जी गोधडी शिवली तीही याच बिरादरीत बसवायला हरकत नसावी. तेव्हा कोलाज हे पश्चिमेकडून आलेले फॅड आहे असे म्हणणाऱ्यांनी एकदा आपल्या घरातली जुनी पेटी उघडून पाहावी.

अर्थात कापण्याआधी काय कापायचे आणि काय नाही याचा विवेक हवा. कुरआन शरीफचे पान, हदीसचे पान, कुणाच्याही धर्मग्रंथाचे पान या खेळात आणू नये, याबद्दल आमच्या मनात संदेह नाही. एकच प्रत उरलेल्या हस्तलिखिताचेही तेच. मोडी कागदांची बासने अजून घराघरांतून रद्दीत जातात. तिथे कात्री चालवणे म्हणजे इतिहासावर चालवणे होय.

कार्यशाळांतून जे पाहायला मिळते त्यातले बरेचसे मात्र आम्हाला निराश करते. कारण असे, की मुले पान वाचतच नाहीत. ‘चंद्र’, ‘पाऊस’, ‘आठवण’, ‘एकटी’ असे शब्द शोधून मोकळे ठेवतात आणि मग कोणत्याही पुस्तकाच्या पानातून एकच कविता निघते. कायद्याचे पुस्तक असो की पाकशास्त्राचे, कविता तीच पावसाची. मग मूळ पानाची गरज काय? पाटीवरही तेच शब्द लिहिता आले असते. मूळ मजकूर आणि उरलेले शब्द यांच्यात भांडण असले पाहिजे. निदान कुजबुज तरी हवी.

शिवाय मराठीत हे काम इंग्रजीपेक्षा अवघड आहे, हे कुणी सांगत नाही. इंग्रजीत शब्द सुटे पडतात. आपल्याकडे विभक्तीचा प्रत्यय शब्दाला चिकटून बसतो आणि शब्दाचे रूपही बदलतो. पानावर ‘पाण्याला’ असेल तर त्यातून ‘पाणी’ काढता येत नाही. क्रियापदाला लिंग असते. पानावर फक्त ‘गेला’ असेल तर बाईची कविता अडते. हे अडणे चांगले. तिथेच कवी विचार करू लागतो. उर्दू पानावर तर आणखी पंचाईत, नस्तालीक लिपीत शब्द एकमेकांच्या खांद्यावर बसलेले असतात, त्यांना सरळ चौकट घालता येत नाही, आणि दुआ आणि दगा यांत अंतर फक्त एका नुक्त्याचे. मार्करचे टोक जरा घसरले की अर्थ उलटला! कारागिरीच्याही गोष्टी आहेत. जुन्या पातळ कागदावर मार्करची शाई मागे उतरते, मैद्याच्या खळीला कसर लागते. जुने बुकबाईंडर खळीत मोरचूद घालत, ते उगीच नव्हे. असो.

या प्रकाराची खरी कसोटी लागते ती जिथे मूळ कागदच अन्यायाचा असतो. १७८१ साली ‘झाँग’ नावाच्या इंग्रज गुलामवाहू जहाजावरून सुमारे १३० आफ्रिकी माणसांना जिवंत समुद्रात फेकण्यात आले. जहाजमालकांनी पुढे विम्याची रक्कम मागितली, माल बुडाला म्हणून. १७८३ साली ‘ग्रेगसन विरुद्ध गिल्बर्ट’ हा खटला लंडनच्या कोर्टात चालला तो खुनाचा नव्हता, विम्याच्या भरपाईचा होता. त्या निकालाचा छोटासा कोरडा अहवाल तेवढा कागदावर उरला. टोबॅगोत जन्मलेली, कॅनडात वकिली केलेली कवयित्री एम. नॉरबेसी फिलिप हिने २००८ साली ‘झाँग!’ हा संग्रह काढला तो त्या अहवालातल्या शब्दांतूनच. आधी शब्द वेगळे केले, मग शब्दांचीही अक्षरे फोडली. अहवालात एकाही बुडालेल्या माणसाचे नाव नव्हते, म्हणून तिने पानांच्या तळाशी रेघ ओढून रेघेखाली आफ्रिकी नावे बसवली. पान पाण्यासारखे, नावे तळाशी. ते पान वाचता येत नाही, अडखळत जावे लागते. आम्हाला यातला काही भाग अतिरेकी वाटला, लांबलेलाही वाटला. पण कायद्याच्या भाषेतून माणूस कसा गायब होतो हे दाखवायला याहून नेमकी रीत आम्हाला सुचत नाही.

आणि दुसरे पुस्तक, जे कवितेचे नाही. मॉरिटानियाचे मोहम्मदू उल्द स्लाही कोवळ्या वयात हाफिज झालेले. २००२ पासून ते अमेरिकेच्या ग्वांतानामो तुरुंगात होते. आरोप ठेवला गेला नाही, खटला चालला नाही. तुरुंगातच पहारेकऱ्यांकडून जे इंग्रजी शिकले त्या इंग्रजीत २००५ साली त्यांनी हाताने ४६६ पाने लिहिली. ती पाने २०१५ साली ‘ग्वांतानामो डायरी’ या नावाने बाहेर आली तेव्हा त्यांवर सरकारने अडीच हजारांवर काळ्या पट्ट्या मारलेल्या होत्या. चौकशी करणारी व्यक्ती बाई होती हे कळू नये म्हणून ‘ती’ हे सर्वनामसुद्धा खोडलेले. २०१६ साली त्यांची सुटका झाली आणि २०१७ साली पट्ट्या काढून भरलेली आवृत्ती निघाली. वाचकांनी दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवून पाहाव्यात. कार्यशाळेतल्या मुलाच्या हातातले मार्कर आणि त्या अधिकाऱ्याच्या हातातले मार्कर सारखेच काळे असते. फरक एवढाच, की कवी जे ठेवतो ते आपल्याला दाखवायचे म्हणून ठेवतो, आणि अधिकारी जे खोडतो ते आपल्याला दिसू नये म्हणून खोडतो. स्लाहींच्या पानावर त्या पट्ट्याच साक्षीदार झाल्या. कुठे दुखले हे पट्टीच्या लांबीवरून कळते.

हे सगळे मनात असताना एका कार्यशाळेत आमच्या समोर एक विद्यार्थिनी आली. मराठी माध्यमात शिकलेली, आपल्याच समाजातली. तिने घेतलेले पान एका जुन्या ऐतिहासिक कादंबरीचे होते. कोणती, ते महत्त्वाचे नाही. तसली पाने आपण सगळेच शाळेच्या ग्रंथालयातून वाचत मोठे झालो. गावावर फौज येते, धुळीचे लोट उठतात, आणि त्या फौजेतला प्रत्येक माणूस ‘यवन’ असतो आणि प्रत्येक यवन क्रूर असतो. आम्हीही ती कादंबरी नायकाच्या बाजूने श्वास रोखून वाचली होती, आणि पुस्तक मिटल्यावर वर्गातल्या मित्रांकडे पाहताना काहीतरी बोचले होते. ते कुणाला सांगता आले नाही.

त्या मुलीने आधी सबंध पान काळे करून पाच शब्द ठेवले होते. विहिरीवर, तोही, थांबला, तहान, होती. सुंदर दिसत होते. आम्ही मात्र तिला स्पष्ट सांगितले, की हे जरा सोपे झाले. ‘यवन’ हा शब्द तू इतका गडद खोडलास, की तो पानावर कधी नव्हताच असे वाटते. ग्रंथालयातल्या इतर प्रतींत तो आहेच. ती थोडी नाराज झाली. ‘सर, तो शब्द मला पुन्हा बघायचा नाही,’ म्हणाली. आम्ही वाद घातला नाही. त्या वाक्यापुढे आमचे समीक्षेचे शहाणपण लंगडे होते.

आठवड्याने तिने दुसरे पान आणले. पाच शब्द तेच. पण या वेळी ‘यवन’ हा शब्द पानावर तीन ठिकाणी पेन्सिलीच्या एका बारीक रेघेने खोडलेला होता, वाचता येईल असा. बाकीचे काळे रान आणि त्यात हे तीन करडे शब्द. ‘तोही’ मधल्या ‘ही’वर आता वजन आले होते. पहिल्या पानावर तहानलेला कुणीही माणूस होता. दुसऱ्यावर तो कोण हे कळत होते, आणि तरी त्याला तहान लागली होती. आम्हाला दुसरे पान निःसंशय थोर वाटले. तिला अजूनही पहिलेच आवडते.

आम्ही तिला विचारले, पुस्तक कापलेस का? ती हसली. दोन्ही वेळा तिने पानाची झेरॉक्स काढली होती. पुस्तक ग्रंथालयाचे होते, ते तिने मुदतीच्या आत परत केले.