ओकच्या फळात दडलेला वारस

नाताळ जवळ आला की नेटफ्लिक्सवर राजपुत्रांचा हंगाम सुरू होतो. त्यातला सर्वांत गाजलेल्यांपैकी एक म्हणजे अल्डोव्हियाचा रिचर्ड. ‘अ ख्रिसमस प्रिन्स’ (२०१७, दिग्दर्शक अ‍ॅलेक्स झॅम) या चित्रपटात न्यू यॉर्कच्या एका मासिकातली अँबर त्याच्या पत्रकार परिषदेसाठी जाते. राजवाड्यातले लोक तिला धाकट्या राजकन्येची नवी शिक्षिका समजतात आणि ती तो गैरसमज दूर करत नाही. पुढे बर्फ, घोडा, नाच आणि प्रेम. शेवट पहिल्या दहा मिनिटांतच कळतो.

डिसेंबर २०१७मध्ये सलग अठरा दिवस हा चित्रपट रोज पाहणाऱ्या त्रेपन्न जणांची खुद्द नेटफ्लिक्सने ट्विटरवर थट्टा केली होती. मला त्या त्रेपन्न जणांची बाजू घ्यावीशी वाटते. कीर्तनातले आख्यान नवे असते म्हणून कोणी ऐकायला बसत नाही. ठाऊक असलेली गोष्ट पुन्हा ऐकण्यात एक निर्धास्तपणा असतो. तेव्हा ‘सगळे आधीच कळते’ हा अशा चित्रपटावरचा आक्षेप होऊ शकत नाही. ठरलेल्या चौकटीत तो काय भरतो, हे पाहायला हवे.

या गोष्टीचे पूर्वज थोर आहेत. अँथनी होपच्या ‘द प्रिझनर ऑफ झेंडा’ने (१८९४) रुरिटानिया हे काल्पनिक राज्य दिले. ‘रोमन हॉलिडे’ने (१९५३) राजघराण्यातली व्यक्ती आणि पत्रकार यांची गाठ घातली. दोन्हींत शेवटी कर्तव्य जिंकते. ‘रोमन हॉलिडे’चा पत्रकार हाती आलेली बातमी छापत नाही, त्या न छापण्यातच त्याचे प्रेम आहे. अँबर दुसऱ्याच्या नावाने राहते, खासगी कागद वाचते, लिहिते आणि राजाशी तिचे लग्नही ठरते. कोणालाच काही गमवावे लागत नाही. हलकेपणा चालेल, पण इथे तो फुकट मिळतो.

अनुवादक म्हणून मला आणखी एक गोष्ट खटकते. अल्डोव्हियाला भाषाच नाही. तिथली माणसे ब्रिटिश धाटणीचे इंग्रजी बोलतात. त्या देशातली आजी नातवाला कोणत्या बोलीत रागावत असेल, याचा थांग लागत नाही. राजवाडा मात्र खरा आहे. बाहेरून दिसणारी वास्तू म्हणजे रुमानियातल्या सिनाया गावचा पेलेश. राजा कारोल पहिला याने बांधवून घेतलेल्या या वाड्याचे उद्घाटन १८८३मध्ये झाले. रुमानियाचा शेवटचा राजा मिहाई याला ३० डिसेंबर १९४७ रोजी, म्हणजे नाताळच्याच दिवसांत, सिंहासन सोडायला भाग पाडले गेले. चित्रपट १७ नोव्हेंबर २०१७ रोजी आला. मिहाई ५ डिसेंबरला वारला आणि दफनाआधी त्याचा देह पेलेशला आणण्यात आला. पडद्यावर ज्या वाड्यात राज्य वाचत होते, त्याच वाड्यात शेवटच्या राजाला निरोप दिला जात होता. हा योगायोगच, चित्रपटाला त्याचा दोष देता येणार नाही. पण भाषा आणि इतिहास दोन्ही पुसून टाकल्यावरच ही गोष्ट इतकी हलकी होते, हे त्यातून दिसते.

आणि तरीही तिच्या पोटात एक जड गोष्ट आहे. रिचर्ड दत्तक आहे. हे उघड होताच राज्याभिषेक अडतो आणि मुकुट चुलतभाऊ सायमनच्या डोक्यावर चढायच्या बेतात येतो. राजाची पोटची मुलगी एमिली घरात असतानाही! मराठी वाचकाला इथे हसू येणे कठीण आहे. दत्तक नामंजूर, या दोन शब्दांवर १८४८मध्ये सातारा खालसा झाला. झाशीच्या गंगाधररावांनी मृत्यूच्या आदल्या दिवशी, इंग्रज अधिकाऱ्यांसमक्ष, मूल दत्तक घेतले होते. तरी १८५४मध्ये झाशी गेली. धर्मशास्त्राने औरसाशेजारी दत्तकाला पुत्र म्हणून जागा दिली होती. तो नाकारायचा हक्क कंपनीने स्वतःकडे घेतला.

अल्डोव्हियात हा प्रश्न कसा सुटतो? दिवंगत राजाने दत्तक मुलाला वारस ठरवणारा हुकूम ओकच्या फळाच्या आकाराच्या नाताळच्या शोभेच्या वस्तूत लपवून ठेवलेला असतो. अँबर तो शोधून काढते, दरबार मान डोलावतो. बापाची इच्छा कागदावर आहे, एवढे पुरते. झाशीतही बापाची इच्छा कागदावर होती. कागद हरवला नव्हता. वाचणाऱ्याला तो मान्य करायचा नव्हता.

म्हणून मला हा चित्रपट निव्वळ टाकाऊ वाटत नाही. रक्तापेक्षा सांभाळ मोठा, हे तो म्हणतो. अ‍ॅलिस क्रीगची राणी मुलासमोर खरे कबूल करते, तेव्हा ते क्षणभर पटतेही. पण हे मोठे म्हणणे त्याला कायद्याच्या एका कलमावर सोपवावेसे वाटते. हुकूम सापडला नसता तर रिचर्ड मुलगा उरला असता का, हा प्रश्न विचारायचे धैर्य त्याला होत नाही. ते त्रेपन्न जण पुन्हा पाहतील तेव्हा मीही त्यांच्यासोबत बसेन. फक्त हुकूम सापडण्याआधीच्या दृश्यापाशी मी थोडी जास्त थांबेन.