रेम्ब्रांटची शेतघरे आणि मम्रेचा वृक्ष

डच रेखाटनांतील पवनचक्की, पडका गोठा, कालव्यावरील नाव यांमध्ये गुप्त धर्मोपदेश शोधण्याचा मोह धर्मशास्त्राच्या अभ्यासकास सहज होतो. वठलेले झाड म्हणजे मृत्यू, पूल म्हणजे ख्रिस्त, असे अर्थ लावणारे विद्वानही झाले आहेत. मला हे वाचन पटत नाही. अँटवर्पच्या हिएरोनिमस कॉकने 1559 व 1561 साली खेड्यांची मुद्राचित्रे प्रसिद्ध केली. ती 1612 मध्ये ॲम्स्टरडॅम येथे फिसरने पुन्हा काढली. त्यांत संत नाहीत, चमत्कार नाहीत. रस्ता, कुंपण व शाकारलेली घरे आहेत. रेम्ब्रांटने आम्स्टल नदीकाठी हिंडून टाकाने व बोरूने जी शेतघरे रेखाटली, ती याच परंपरेतील. छप्पर वाकलेले असेल, तर तो ते वाकलेलेच काढतो. एवढे सत्य तेथे पुरेसे आहे.

हीच दृष्टी घेऊन तो पवित्र शास्त्राकडे वळतो, तेव्हा मात्र आपला संबंध येतो. 1656 च्या सुमारास व पुढील काही वर्षांत त्याने मोगल लघुचित्रांवरून रेखाटने केली. त्यांपैकी वीसहून अधिक आज उपलब्ध आहेत. त्यांत शाहजहान आहे. याच बादशहाची बेगम मुमताज महल 1631 साली आपल्या बुऱ्हाणपुरात मरण पावली. एका रेखाटनात चार वृद्ध मौलवी वृक्षाखाली भुईवर बसले आहेत. 1656 च्या अब्राहामाच्या आतिथ्याच्या मुद्राचित्रात तीच बैठक येते. मेज नाही, खुर्ची नाही. पाहुणे जमिनीवर बसले आहेत, यजमान सुरई घेऊन लवला आहे, आणि इश्माएल पाठ फिरवून धनुष्य ओढीत आहे.

गोव्यात जन्मलेल्या व पुण्याच्या ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात काम केलेल्या आंजेलो द फोन्सेका (1902–1967) यांनी मरियेला साडी नेसविली, तेव्हा श्रद्धावंतांनीच आक्षेप घेतले. आक्षेपकांनी हे मुद्राचित्र समोर ठेवावे. उत्पत्तीचा अठरावा अध्याय समजण्यासाठी एका प्रोटेस्टंट डच चित्रकाराला हिंदुस्थानची बैठक हवीशी वाटली.

एक उणीव मात्र आहे. दोन पाहुण्यांना त्याने पंख दिले. मूळ वृत्तान्तात अब्राहामाला तीन माणसे दिसतात, आणि त्याचे आतिथ्य थोर ठरते ते त्यामुळेच. पंख पाहून कोण धावणार नाही? शिवाय उसनी घेतलेली बैठक दरबारी चित्रकलेतील आहे, खेड्यातील नव्हे. तीन मापे सपीठ मळणारी सारा येथे दाराआड केवळ ऐकत उभी आहे. तापीकाठच्या एखाद्या धर्मशिक्षकाने हा प्रसंग मुलांसाठी फळ्यावर काढला, तर तो तिला बहुधा काथवटीपाशी बसवील.